मुरलेली नजर

साबण डोळ्यात गेला, एवढंच झालं. आर्विड टॉलेफसन चाळीसेक वर्षं रोज सकाळी दाढी करत आला होता, तेव्हा साबण पूर्वीही कधीतरी डोळ्यात गेलाच असणार. पण त्या शुक्रवारी तो डाव्या डोळ्यात गेला. आर्विडनं तो डोळा गच्च मिटला आणि टॉवेल चाचपडता चाचपडता उघड्या उजव्या डोळ्यानं सहज खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या अंगणात त्याची बायको हिल्मा चादरी वाळत घालत होती. सकाळचं ऊन चादरींवर सरळ पडलं होतं आणि चादरी पातळ कॉफीत बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या.

"हिल्मा," तो खिडकीतून ओरडला, "चादरींना काय झालं गं?"

"काय व्हायचंय? धुतल्यात!"

"पिवळ्या पडल्यात."

"पिवळ्या? कालच निळीतून काढल्यात. सगळं हॉलिवूड तुझ्या नजरेचे गोडवे गातं, आणि घरात तुला पांढरं नि पिवळं कळेना होय! तोंड धू आधी, फेस सुकला."

त्यानं तोंड धुतलं. डावा डोळा झोंबतच होता, तो किलकिला केला, आणि चादरी पांढऱ्या झाल्या. नुसत्या पांढऱ्या नाहीत. त्यांच्या चुण्यांत निळसर सावल्या होत्या, कडेला ऊन आरपार जात होतं, हिल्माच्या बोटांच्या सावल्या पलीकडून हलत होत्या. डावा मिटला की कॉफी. उजवा मिटला की पांढरं. त्यानं सात-आठ वेळा करून पाहिलं आणि मग न्हाणीघरातल्या टबाच्या कठड्यावर बसून राहिला. उजवा डोळा हा त्याचा कमावता डोळा. कॅमेऱ्याच्या भिंगाला लावायचा तो उजवा, सेटवर उभं राहून उजेड जोखायचा तोही उजवा. त्या वेळी डावा मिटलेला असायचा. डावा डोळा म्हणजे घरजावई, असून नसल्यासारखा. आणि आज तो फुकट खाणारा डोळा शाबूत होता आणि घर चालवणारा गेला होता. सासऱ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा म्हातारा म्हणायचा, 'जगाला जुन्या वर्तमानपत्राचा रंग आलाय.' आर्विडला ते तेव्हा फार गमतीचं वाटलं होतं.

गाडीनं स्टुडिओकडे जाताना व्हर्मॉन्टच्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा तो पुन्हा डोळे तपासू लागला. एक मीट, दुसरा उघड. दुसरा मीट, पहिला उघड. शेजारच्या गाडीतल्या टोपीवाल्या बाईनं काच वर केली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण या एकसष्टाव्या वर्षी भर रस्त्यात एका सभ्य बाईला डोळे मारतो आहोत. एरवी तो दिवसभर हसला असता. आज मात्र त्याला दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली आणि कानशिलं तापली. कॅमेरामनच्या गळ्यात एक काळपट पिवळी काच दोरीला बांधलेली असते. त्या काचेतून सेटकडे पाहिलं की रंग विझतात आणि पडद्यावर नुसतं काळं-पांढरं कसं दिसेल ते कळतं. आर्विडनं ती काच एकोणतीस वर्षं गळ्यात वागवली होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं ती उजव्या डोळ्याला लावली, खाली केली, पुन्हा लावली, आणि काही फरकच पडेना. काचेतून जे दिसत होतं तेच तिच्याशिवाय दिसत होतं. तो घाबरला नाही. त्याला वाटलं, झालं. तपश्चर्या फळाला आली. इतकी वर्षं उजेडाची चाकरी केली, आता उजेड आपणहून आपल्याला उघडा दिसायला लागला. काच आता आपल्या डोळ्यातच उतरली. तो प्रार्थना फारशी करत नसे, पण त्या दुपारी तो एकटाच एका रिकाम्या सेटच्या कोपऱ्यात टोपी काढून उभा राहिला होता.

आणि हे त्यानं लपवून ठेवलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण नाही. त्यानं काच खणात टाकली आणि सगळ्यांना सांगत सुटला. टॉलेफसनला काच लागत नाही, ही बातमी धंद्यात पसरली, तरुण कॅमेरामन त्याचं काम बघायला येऊन भिंतीला टेकून उभे राहू लागले. छायालेखकांच्या मंडळानं त्याला मानाची मेजवानी दिली आणि त्यानं तिथे भाषण ठोकलं, 'मद्य मुरतं तशी नजर मुरते, मित्रांनो, तिला घाई करू नका.' टाळ्या पडल्या. मासिकांनी लिहिलं की टॉलेफसनच्या उत्तरकाळात चेहरे आतून पेटल्यासारखे दिसतात, त्याला एक नवीच शैली सापडली आहे. त्यानं ती कात्रणं हिल्माला वाचून दाखवली होती. मोतीबिंदूला सिद्धी समजणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. तसं समजायला आधी चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढावी लागतात.

स्टुडिओच्या त्या अजस्र पत्र्याच्या कोठारात पाय ठेवला की तो दर वेळी एक क्षण थांबायचा. दारातल्या उन्हातून आत आलं की आधी नुसता काळोख, मग वर, पाच पुरुष उंचीवर, टांगलेल्या फळ्यांवरून चालणारी माणसं, आणि त्यांच्यामध्ये दिवे. आजही तो थांबला. आज आत एक स्वयंपाकघर उभं केलं होतं, ओटा, दार, दारापलीकडे रंगवलेलं आभाळ. चित्रपटातली आई मुलाला निरोप देऊन दारातून परत वळते, बोलत काहीच नाही, फक्त कॅमेरा तिच्या चेहऱ्याशी जातो. चित्रपटातला तो शेवटचा शॉट होता. आई डेल्फिन मार्श होती. तिचा करार या चित्रपटाबरोबर संपत होता, आणि आजचा तुकडा संध्याकाळी पाहून तिला ठेवायचं की नारळ द्यायचा हे वरची मंडळी ठरवणार होती. स्टुडिओतल्या झाडूवाल्यालासुद्धा ते ठाऊक होतं.

"आले महाराज!" ऑर्विल पिंकहॅम ओरडला. हा दिवेवाल्यांचा मुकादम, पिंपाएवढं पोट आणि त्याला साजेसा आवाज, बावीस वर्षं आर्विडच्या हाताखाली. "कालच्यासारखंच लावून ठेवलंय. भट्टी तयार आहे. आता पाव भाजायचे की बाई उभी करायची ते सांग."

"भट्टी का म्हणतोस?"

"मी कोण म्हणणार? हे म्हणतंय." त्यानं उजेड मोजायचं यंत्र नाचवलं. "लागतो त्याच्या दुप्पट. पण मी दोन वर्षांमागे एकदा बोललो, तू म्हणालास यंत्राला चेहरा कळत नाही. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलंय. मुरलेली नजर तुझी, माझं आपलं कच्चं लोणचं."

आर्विडनं सवयीनं डावा डोळा मिटला, सेटकडे पाहिलं. सगळं नीट होतं. ओट्यावरचा उजेड मऊ, दाराशी सावली, जिथे चेहरा येणार तिथे छान उबदार झोत. मग त्यानं, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, उजवा डोळा मिटला आणि डावा उघडा ठेवला. आणि तो अक्षरशः एक पाऊल मागे सरला. समोर उजेडाचा दंगा चालला होता. ओटा पांढरा, भिंत पांढरी, सावली नावाला नाही. चेहऱ्याच्या जागी तर असा लोळ ओतला होता की त्यात नाक उरलं नसतं, मग सुरकुती कुठली! म्हणजे ती शैली ही होती. उजव्या डोळ्यावर पडदा वाढत गेला, त्याला अंधारून दिसत गेलं, म्हणून तो दिव्यामागून दिवा चढवत गेला, आणि चेहरे त्या पुरात धुऊन निघाले. लोक म्हणाले आतून पेटले. त्याला लाज वाटली, राग आला, आणि का कोण जाणे, त्याच्याही खाली कुठेतरी उत्सुकता जागी झाली. या दुसऱ्या, कधीच कामाला न लावलेल्या डोळ्याला आणखी काय दिसेल? लहानपणी डाकोटातल्या त्या वाऱ्यानं झोडपलेल्या घरात कंदिलाच्या काचा पुसायचं काम त्याचं होतं, कारण त्याचाच हात काचेत जायचा. राख आणि वर्तमानपत्राचा बोळा. आठ दिवस आजारी पडून तो उठला होता, तोवर कुणी काचा पुसल्या नव्हत्या. त्यानं पुसल्या, आईनं वात लावली, आणि काजळी गेलेल्या उजेडात आईचा चेहरा असा एकदम पुढे आला की तो बघतच राहिला. रोजचीच आई. तिच्या वरच्या ओठाशी भाजल्याचा छोटा व्रण होता, तो त्याला आठ वर्षांत कधी दिसला नव्हता. आई म्हणाली, 'काय रे, भूत बघितलंस का?' त्याला सांगताच आलं नाही. पुढे तो शेती सोडून पळाला, कॅमेऱ्याचे तिपाये वाहिले, छप्पर नसलेल्या सेटवर उन्हावर मलमलीचे पडदे ओढले, हातानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवत आकडे मोजले, बोलपट आला, माणसं आली नि गेली, आणि या सगळ्यात त्याला खरं पाहिजे होतं ते एवढंच, तसं पुन्हा एकदा दिसावं. अधूनमधून दिसलंही होतं. पण गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही, हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं. त्या दोन वर्षांत त्याला फक्त स्वतःची नजर दिसत होती.

डेल्फिन आली ती थेट जमिनीवरच्या तिच्या खुणेवर येऊन उभी राहिली. दिवे लावताना तिच्या जागी दुसरी बाई उभी केलेली तिला चालत नसे. माझा चेहरा तिला उसना कशाला, म्हणायची. तेवीस साली ती एकोणीस वर्षांची, गर्दीच्या प्रसंगातली पोरगी होती. त्या वेळचे कार्बनचे दिवे डोळे जाळायचे. संध्याकाळी सगळे जण डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून बाकावर ओळीनं बसायचे, आणि तिची नि आर्विडची पहिली ओळख अशी झाली की दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. 'तुम्ही कॅमेरावाले असून दिव्याकडे बघता कशाला?' तिनं चकतीखालून विचारलं होतं. तो म्हणाला होता, 'बघितल्याशिवाय राहवत नाही.' तेव्हापासून तिचे सत्तावीस चित्रपट त्यानं केले. जाहिरात खात्याच्या हिशेबानं ती आज एकोणचाळीस वर्षांची होती.

"ऑर्विल," आर्विड म्हणाला, "पाच मिनिटं माणसांना कॉफी प्यायला पाठव."

"कॉफी? आत्ता? तुझी तब्येत बरी आहे ना?"

"पाठव म्हटलं ना."

ते गेले. आर्विड उजेडाच्या कडेशी उभा राहिला. "डेल्फिन, माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आज सकाळी कळलं. असेल मात्र दोन वर्षं."

ती म्हणाली, "म्हणजे तू माझ्यावर दया करत नव्हतास?"

"दया? कसली दया?"

"अरे, अठ्ठावीस वर्षं मी दिव्यांपुढे उभी आहे. उजेड किती ते मला डोळ्यांनी नाही, गालांनी कळतं. दोन वर्षांपूर्वी गाल भाजायला लागले. मेकअप वितळून गळ्यात यायचा. मी म्हटलं, झालं, आर्विडला माझ्या सुरकुत्या दिसल्या, आणि बिचारा न बोलता झाकतोय. घरी जाऊन रडले मी. मग चित्रपट पडद्यावर बघितला आणि रडणं थांबलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"वेडा आहेस का? एकोणचाळीसची दिसत होते! कुठली बाई बोलेल?"

"मला त्या दिसल्याच नाहीत गं. खरंच. मी काही झाकत नव्हतो."

"हे मात्र बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "आणि आता? त्या डोळ्यानं?"

"आता दिसतात."

"किती?"

"सगळ्या."

तिनं अंगावरच्या एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आर्विडला तिला खोटं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "हे बघ, कालचे दिवे मला पाठ आहेत. तसेच ठेवतो. वरच्या मंडळींना हवी तशी डेल्फिन मिळेल, तुझा करार होईल. मी सोमवारी डॉक्टरकडे जाईन, कुणाला काही कळणार नाही. फक्त ते मी बघून लावलेलं नसेल. पाठांतर असेल."

"आणि या डाव्यानं लावलंस तर?"

"काय होईल सांगता येत नाही. या डोळ्यानं मी आयुष्यात एक दिवा लावलेला नाही."

"म्हणजे नवशिका."

"अगदी."

वर कुठेतरी तापलेला पत्रा तडतडला. "संध्याकाळी ते मला काढतील, आर्विड," ती हळूच म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही."

"मलाही," तो म्हणाला.

"मग बघ तरी एकदा," ती म्हणाली. "तुला काय दिसतं ते बघ. नंतर ठरवू."

माणसं परत आली. दिव्यांना इथे घरातली नावं आहेत, थोरला, धाकटा, तान्हा. आणि आर्विडनं उजव्या डोळ्यावर रुमाल धरून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. "डावीकडचा थोरला घालव." ऑर्विलनं एकदा त्या रुमालाकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे पाहिलं, आणि काही न विचारता वर हाक दिली, "थोरल्याला झोपव रे!" वर कळ पडली. पांढऱ्या लोळातून डेल्फिनच्या गालाचं हाड वर आलं. "पाठीमागचे दोन्ही धाकटे." तिच्या मानेशी सावली आली, आणि सावलीबरोबर मान आली. "ओट्यावरचा." प्रत्येक दिव्यामागे तिच्यातलं काहीतरी परत येत होतं, डोळ्यांखालची सैल त्वचा, कपाळावरच्या तीन आडव्या रेषा, तोंडाच्या कोपऱ्याशी एक बारीकशी खोच, जी हसून पडली होती की हसू दाबून ते कुणास ठाऊक. तो उजेड काढत होता आणि दिसणं वाढत होतं. हे त्याला माहीत होतं, नवशिक्यांना तो हेच शिकवत असे, आणि तरीही हे असं असतं हे त्याला मुळीच माहीत नव्हतं. शेवटी एक थोरला आणि एक तान्हा, दोनच उरले. तिनं घाम आलेला नाही हे पाहायला गालाला हात लावला, आणि हात तिथेच ठेवून ती त्या मंद उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. आर्विडला वाटलं आपण मोठ्यानं काहीतरी बोललो. पण कुणी वळून पाहिलं नाही, तेव्हा बोलला नसावा.

"मिस्टर टॉलेफसन," दिग्दर्शक डेन्टन ग्रेडी पुढे आला. पस्तिशीचा, हुशार, घाबरट माणूस. "हे काय? काळोख केलात. काल ठरलं ते हे नव्हे. वरचे लोक माझी मान पिरगाळतील."

"काल मला दिसत नव्हतं," आर्विड म्हणाला, आणि आवाज सगळ्या कोठाराला ऐकू जाईल एवढा निघाला. वरच्या फळ्यांवरचे पाय थांबले. "माझा उजवा डोळा गेलाय. दोन वर्षं झाली. तुम्ही ज्याची तारीफ करता ते आंधळ्याचं काम आहे. हे मी आज डाव्यानं लावलंय. सोमवारपासून तुम्ही दुसरा माणूस आणा. पण हा शॉट असाच घ्यावा असं माझं म्हणणं आहे. तिचं काही वेगळं म्हणणं असेल तर आत्ता कालचे दिवे लावतो."

ग्रेडीनं डेल्फिनकडे पाहिलं, ऑर्विलनं पाहिलं, वरून वीसेक माणसं वाकून पाहत होती. चेहरा तिचा होता. आर्विडला स्वतःच्या नोकरीचं त्या घटकेला काहीच वाटलं नाही, आणि याचं त्याला मागाहून आश्चर्य वाटायचं होतं. त्याला फक्त भीती वाटत होती की ती नाही म्हणेल, आणि हे पुन्हा कधीच दिसणार नाही.

डेल्फिननं एप्रन सारखा केला. "मिस्टर ग्रेडी," ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर असेच उभे राहणार असाल तर मला खुर्ची द्या. नाहीतर कॅमेरा चालू करा."

कॅमेरा चालू झाला. आर्विड वाकला आणि सवयीनं उजवा डोळा भिंगाकडे नेला. मग मान वळवली, नाक आडवं आलं, टोपी पडली, आणि डावा डोळा भिंगाला लागला. त्या चौकटीत डेल्फिन दारातून वळली. तिनं काही केलं नाही. रडली नाही, ओठ हलवला नाही. ज्याला निरोप दिला त्याच्यामागे तिची नजर अजून दाराबाहेर थोडी अडकलेली होती, आणि बाकीची ती घरात परत येत होती, एवढंच. पण ते येणं तिच्या सबंध चेहऱ्यावरून चाललेलं दिसत होतं, एकेका रेषेवरून, आणि एकही रेष कमी असती तर ते दिसलं नसतं. हे सारं रोज इथेच होतं, हातभर अंतरावर. आर्विडनं आपणहून त्यावर उजेड ओतून ते बुजवलं होतं, आणि तरीही ते रागावून कुठे गेलं नव्हतं. पहिल्या दिवसाच्या पोरसवदा, अडाणी आनंदानं त्याचं अंग शहारलं. देवा, तो मनात म्हणाला, आणि पुढे मागायला काहीच सुचलं नाही.

"कट," ग्रेडी म्हणाला, फार हळू. वर कुणीतरी नाक शिंकरलं.

डेल्फिन खुणेवरून उतरली, जमिनीवरच्या तारा ओलांडत आर्विडपाशी आली. कसं झालं असं तिनं विचारलं नाही. खाली पडलेली त्याची टोपी उचलून तिनं झटकली.

"किती वर्षांची दिसले? खरं सांग."

"अठ्ठेचाळीस."

टोपी त्याच्या डोक्यावर ठेवत ती म्हणाली, "सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस पुढच्या महिन्यात," आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन, जिथे त्याला ती नीट दिसत नव्हती, तिनं त्याचा हात धरला.